जाम भारी!

कॅमेरा घेताना आपण सहा महिने रिसर्च करतो आणि त्याची सॅक मात्र सहा मिनिटांत उचलतो. मग पाठ बोलायला लागते! सॅक नेमकी कशी निवडायची, हे शिकायला आम्ही गेलो वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौकात.

'जाम' हा मराठीतला सगळ्यात बिझी शब्द असावा. मजा आली तर 'जाम मजा', बॉसनं झापलं तर 'जाम टेन्शन', संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीत अडकलात तर नुसतंच 'जाम'. ब्रेडवर लावतो तोही जाम. विदर्भात गेलात तर हातगाडीवर जाम विकायला असतात, आणि ते असतात चक्क पेरू! एवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात जाम नावाचं गावच आहे. (समुद्र? तो तिथून शेकडो किलोमीटर लांब. विदर्भातल्या नावांचं हे असंच असतं!)

नागपूरहून हैदराबादच्या दिशेनं निघालात की बुटीबोरी मागे पडते आणि साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर जाम येतं. रस्ता म्हणजे एनएच ४४, काश्मीरहून थेट कन्याकुमारीला जाणारा, देशातला सर्वात लांब राष्ट्रीय महामार्ग. २०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले, त्याआधी हा एनएच ७ होता. जामला या रस्त्याचे फाटे होतात. एक हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा करत तेलंगणात उतरतो. दुसरा नंदोरी, वरोरा, भद्रावतीवरून चंद्रपूरला जातो. त्यामुळे जाम हे मुक्कामाचं ठिकाण कमी आणि उतरण्याचं, थांबण्याचं, गाडी बदलण्याचं ठिकाण जास्त. ट्रकवाले जेवायला थांबतात, एसटीवाले प्रवासी बदलतात आणि दिवाळीनंतर आलात तर कापसानं फुगलेल्या गाड्या हिंगणघाटच्या बाजाराकडे जाताना दिसतात.

आणि या गर्दीत एक जमात अगदी लांबूनही ओळखू येते. खाकी नाहीतर शेवाळी पँट, डोक्यावर गोल टोपी, पाठीवर काळी जाडजूड सॅक. हे लोक ताडोब्याला निघालेले असतात! नागपूरला विमानातून किंवा रेल्वेतून उतरायचं आणि रस्त्यानं मोहर्ली गेट गाठायचं, तर बहुतेकांच्या वाटेत जाम येतं. इथे दहा मिनिटं उभं राहा. कॅमेऱ्याच्या बॅगांचं असं फुकटचं प्रदर्शन तुम्हाला कुठल्याही मॉलमध्ये बघायला मिळणार नाही.

साडेअकरा किलोंची गोष्ट

माझ्याबरोबर होती माझी मैत्रीण. सोमवार ते शुक्रवार ती एका आयटी कंपनीत, शनिवार-रविवार लग्नांचे फोटो, आणि वर्षातून दोनदा जंगल. लग्नांच्या फोटोंतून येणाऱ्या पैशांतून जंगलाची हौस भागते, असं तिचं साधं-सोपं अर्थशास्त्र. मागच्या वर्षी तिची कंबर धरली. साधी धरली नाही, तर एमआरआयपर्यंत गेली. डॉक्टरांनी तिला सांगितलं, पाठीवर सहा किलोच्या वर काही घ्यायचं नाही. तिनं विचारलं, ''म्हणजे जंगल बंद?'' डॉक्टर म्हणाले, ''जंगल कुणी बंद केलंय? ओझं बंद करा.''

बोलायला सोपं हो! पण मग तिनं घरी येऊन किचनमधल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवली. आकडे तुम्हीच बघा. निकॉनची डी५०० बॉडी ८६० ग्रॅम. त्यावरची २००-५०० लेन्स २ किलो ३०० ग्रॅम. दुसरी बॉडी पाऊण किलोची. २४-७० लेन्स ९०० ग्रॅम. फ्लॅश ४०० ग्रॅम. ट्रायपॉड १ किलो ७०० ग्रॅम. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून जवळपास १ किलो ९०० ग्रॅम. आणि हे सगळं जिच्यात भरायचं, ती सॅक? रिकामीच २ किलो ७०० ग्रॅम! बेरीज साडेअकरा किलोंच्या पुढे. पाण्याची बाटली आणि कपडे अजून बाहेरच.

थोडक्यात, डॉक्टरांनी दिलेल्या सहा किलोंपैकी जवळजवळ अर्धे किलो नुसती रिकामी सॅकच खात होती. पट्टे, फोम, कप्पे, कप्प्यांतले कप्पे, चेनी, बकला, वर रेनकव्हर... सुरक्षेच्या नावाखाली सॅकसुद्धा बाळसं धरते.

सहा किलो हा आकडा फक्त तिच्यापुरता समजू नका. शाळेच्या पोरांसाठी २०२० मध्ये केंद्र सरकारनं दप्तराचं धोरण आणलं. त्यात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं असं म्हटलंय. साठ किलोच्या माणसाला हाच हिशेब लावून बघा. पोरांच्या दप्तरावर तावातावानं बोलणारे आपण स्वतःच्या पाठीवर लॅपटॉप, डबा, जिमचे बूट असं काय काय घेऊन फिरतो, त्याचं वजन कधी केलंय?

तर आमचा प्लॅन असा ठरला. तिनं नवी सॅक घेतली होती, तिची परीक्षा घ्यायची. पुण्याहून रेल्वेनं वर्धा, तिथून सेवाग्राम, मग हिंगणघाटमार्गे एसटीनं जाम, जामला गाडी बदलून चंद्रपूर आणि तिथून मोहर्ली. रेल्वेनं थेट चंद्रपूरला उतरता येतं, नागपूरहून टॅक्सीही मिळते. पण टॅक्सीत सॅक डिकीत झोपून जाते, तिची परीक्षा होत नाही. सॅकचा खरा रंग कळतो तो चढ-उतारात. आमच्या वाटेवर असे पाच चढ-उतार होते.

शंभर रुपये, एक कॅमेरा

सेवाग्रामला थांबण्याचं कारण बापू कुटी तर होतंच, पण अजून एक होतं, ते म्हणजे कनू गांधी. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव होतं शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावशी पत्रांची गल्लत व्हायला लागली, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. या आश्रमात नात्यानं गांधीजींचा नातू लागणारा एक विशीतला मुलगा काम करत होता. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी त्याला शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली.

गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि आश्रम या उद्योगावर पैसा खर्च करणार नाही. त्यानंतर १९४८ पर्यंत, म्हणजे गांधीजी जाईपर्यंत, कनू गांधी त्यांचे फोटो काढत राहिले. आज आपल्याला गांधीजींचं रोजचं जगणं, चालणं, रेल्वेच्या थर्ड क्लासच्या डब्यातलं बसणं डोळ्यांसमोर येतं, त्यातलं कितीतरी या एका कॅमेऱ्यातून आलेलं आहे.

आता जरा गंमत बघा. रोलिफ्लेक्सला एकच न बदलणारी लेन्स. एका रोलवर १२ फोटो. फ्लॅश नाही. म्हणजे आपण ज्याला 'किट' म्हणतो ते अख्खं किट गळ्यात अडकवून माणूस मोकळ्या हातांनी चालू शकत होता. बापूंसारख्या झपाझप चालणाऱ्या माणसामागे पाठीवर साडेअकरा किलो घेऊन धावला असता तर?

मैत्रीण बापू कुटीच्या अंगणात बसून हे ऐकत होती. म्हणाली, ''अगं पण कनू गांधींना वाघ नव्हता काढायचा!'' मुद्दा बरोबर होता. वाघ शंभर मीटरवर असतो आणि लांब लेन्सला पर्याय नसतो. पण तिच्या यादीतला फ्लॅश त्याच क्षणी बाद झाला होता. जंगलात प्राण्यावर फ्लॅश मारायचाच नसतो, तर तो न्यायचा कशाला? बापूंची पहिली अट ताडोब्यातही लागू!

चौकात उतरलो

एप्रिलचा शेवटचा आठवडा. दुपारचे साडेबारा. हिंगणघाटहून आलेल्या एसटीतून जामला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की सावलीलाही घाम यावा. पुण्याचं ऊन उन्हाच्या नात्यात मोडतं फक्त, इथलं ऊन सख्खं!

आता सॅकची परीक्षा. बसमध्ये कंडक्टरनं सांगून पाहिलं होतं, ''ताई, थे बॅग वर ठेवा ना.'' तिनं मांडीवरच ठेवली. हे पहिलं लक्षात ठेवा, सॅकची जाडी. मांडीवर न मावणारी सॅक एसटीच्या फळीवर जाते आणि फळीवर गेलेली सॅक दर खड्ड्याला उडी मारते. कॅमेरा फोममध्ये असला तरी तो लेन्सच्या माउंटवर लटकलेला असतो, हे विसरू नका. लांब लेन्स बॉडीला लावून ठेवायची असेल तर सॅकच्या आत किती लांब जागा आहे ते मोजा. २००-५०० एकटी जवळपास २७ सेंटीमीटर लांब आहे. बॉडी लावून आडवी ठेवायची तर आतून ३५ सेंटीमीटरच्या वर जागा लागते. दुकानदार बाहेरचं माप सांगतो, आपल्याला आतलं हवं असतं.

दुसरं, उघडायची बाजू. ही गोष्ट कॅटलॉगमध्ये नीट कळत नाही, चौकात पटकन कळते. चहाच्या टपरीपाशी जमीन म्हणजे धूळ, तेलाचे डाग आणि कुणीतरी थुंकलेला खर्रा. समोरून उघडणारी सॅक उघडायची तर ती पाठीवर झोपवावी लागते. म्हणजे जी बाजू धुळीत जाणार, तीच नंतर तुमच्या शर्टाला चिकटणार. पाठीच्या बाजूनं उघडणारी सॅक उलटी ठेवता येते, पट्टे वर राहतात, शर्ट स्वच्छ. शिवाय गर्दीत तिची चेन तुमच्या पाठीला लागून असते, मागच्याला हात घालता येत नाही. बाजूनं उघडणारी सॅक एका खांद्यावरून पुढे फिरवून झटकन कॅमेरा काढता येतो, लग्नाच्या वरातीत ती बेस्ट. पण एका खांद्यावर सगळं वजन येतं, म्हणून कंबरदुखीवाल्यांनी तिच्यापासून चार हात लांब.

मैत्रिणीनं पाठीकडून उघडणारी घेतली होती, रिकामी १ किलो ४०० ग्रॅमची. टपरीवरच्या काकांनी त्या उलट्या सॅककडे बघून विचारलं, ''काय हाय जी यात? मशीन हाय का?''

''कॅमेरा आहे काका.''

''मंग ताडोब्याले चालले असान,'' म्हणत त्यांनी पोह्यांवर लालभडक तर्री ओतली. खरं सांगते, त्या तर्री पोह्यांनंतर वाघ नाही दिसला तरी चालेल असं मला वाटलं. (मैत्रिणीला नाही वाटलं.)

काकांना कळलं नाही की आत कॅमेरा आहे, याचा मैत्रिणीला फार आनंद झाला. कारण हा तिसरा मुद्दा. मोठ्या ब्रँडचा लोगो छातीवर मिरवणारी काळी सॅक म्हणजे 'आत लाखाचा ऐवज आहे' अशी पाटीच! तिची सॅक साधी, मातकट रंगाची, ट्रेकला नेतो तशी. आत फक्त एक फोमचा डबा, ज्याला इन्सर्ट म्हणतात. हा डबा काढला की सोमवारी त्याच सॅकमध्ये लॅपटॉप आणि टिफिन. महिन्याचे दोन दिवस फोटो काढणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा स्वस्त आणि शहाणा मार्ग आहे.

एका फोटोग्राफरला पाठ दुखली म्हणून...

कॅमेऱ्याची बॅग ही वस्तू मुळात आलीच अशी, कुणाची तरी अडचण झाली म्हणून. आधी कॅमेरे नेले जायचे ते कडक चामड्याच्या नाहीतर धातूच्या पेट्यांतून. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा ग्रेग लोव हा गिर्यारोहक. त्यानं १९६७ च्या सुमारास आतून फ्रेम असलेली सॅक बनवली, जिच्यात वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं. लोवेप्रो हे नाव त्याच घराण्यातलं. पुढे १९७० च्या दशकात फिलाडेल्फियातल्या एका दैनिकाचा फोटोग्राफर जिम डोमके त्या कडक पेट्यांना कंटाळला आणि त्यानं सुती कॅनव्हासची मऊ, अंगाला चिकटून बसणारी झोळी बनवून घेतली. ती इतर फोटोग्राफरांनी बघितली, त्यांनाही हवी झाली आणि धंदा उभा राहिला.

सुती कॅनव्हास! जामच्या चौकात उभं राहून हे आठवलं की मजा वाटते. आजूबाजूला अख्खा कापसाचा मुलूख. आणि आपल्या पाठीवर मात्र नायलॉन.

पण लोवच्या सॅकमधला शोध मात्र आजही बघूनच घ्या. कमरेचा पट्टा. तो नुसता लटकणारा बारीक पट्टा असेल तर काही उपयोग नाही. रुंद आणि गादीचा हवा आणि तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. नीट बांधलात तर खांद्यांवरचं बरंचसं वजन कमरेकडे आणि पायांकडे जातं. मुलींनो, तुमच्यासाठी जास्तीची सूचना. बऱ्याच सॅक पुरुषांच्या पाठीच्या मापानं बनतात. उंची कमी असेल तर कमरेचा पट्टा कमरेवर न बसता मांड्यांवर येतो आणि खांद्याचे पट्टे गळ्याला घासतात. म्हणून पाठीची लांबी कमी-जास्त करता येते का ते विचारा. छातीवरचा पट्टा वर-खाली सरकतो का तेही बघा.

'तांदूळ मोहर्लीले बी भेटते'

चंद्रपूरच्या बसला अर्धा तास होता. मैत्रिणीला आठवलं, बीनबॅग भरायची राहिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जिप्सीत ट्रायपॉड चालत नाही. आठ माणसं बसलेल्या उघड्या गाडीत तीन पाय पसरायचे कुठे? त्याऐवजी गाडीच्या दांड्यावर धान्य भरलेली एक थैली टाकतात आणि त्यावर लेन्स टेकवतात. ही बीनबॅग रिकामी न्यायची आणि तिथे भरायची. रिकामी थैली पाव किलोची, आणि तिनं घरी सोडला होता १ किलो ७०० ग्रॅमचा ट्रायपॉड!

जवळच्या किराणा दुकानात ती गेली आणि दोन किलो तांदूळ मागितले, साधे, सगळ्यात स्वस्तातले. दुकानदार काकांनी विचारलं, ''कायले पायजेन ताई, एवढे हलके?'' तिनं थैली दाखवून समजावलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ''आज जंगलात जाता का उद्या?''

''उद्या सकाळी.''

''मंग तांदूळ मोहर्लीले बी भेटते ना ताई. इथून कायले ओझं वागवता?''

दोन किलो तांदळाचं गिऱ्हाईक हातचं सोडून काकांनी तिला रिकामी थैली परत दिली. वागवता! विदर्भातला हा शब्द मला फार आवडतो. ओझं 'वागवणं'. ओझं उचलणं वेगळं आणि ओझं वागवणं वेगळं. उचललेलं खाली ठेवता येतं. वागवायचं म्हणजे दिवसभर त्याची मर्जी सांभाळायची.

त्या एका वाक्यानं आमची सगळी थिअरी दोन मिनिटांत मांडली. प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारायचे. ही लागणार आहे का? आणि लागणार असेल तर ती तिथे मिळते का? लॅपटॉप रात्री फोटो बघायला नेतो, त्याऐवजी एक जास्तीचं मेमरी कार्ड नेलं तर काम भागतं. पाच लिटर पाणी पाठीवर नको, अर्धा लिटर ठेवा आणि पुढे भरा. दुसरी बॉडी? ती पहिली बिघडली तर लागते, खरंय. लग्नाला न्यायलाच हवी, तिथे कुणाचा तरी दिवस असतो आणि तो परत येत नाही. पण स्वतःच्या आनंदासाठी निघालेल्या दोन दिवसांच्या सफारीत ती जोखीम घ्यायची की कमरेची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मैत्रिणीनं कंबर निवडली.

जामच्या चौकात तिच्या सॅकमध्ये होतं ते असं: बॉडी आणि लांब लेन्स मिळून ३ किलो १६० ग्रॅम, १८५ ग्रॅमची ५० एमएम लेन्स, बॅटऱ्या-कार्ड-पुसायचं कापड ३०० ग्रॅम, रिकामी बीनबॅग पाव किलो आणि सॅक १ किलो ४०० ग्रॅम. पाच किलो तीनशेच्या आत. वर अर्धा लिटर पाणी. झाले सहा किलोंच्या आत! दोघींच्या कपड्यांची थैली माझ्या खांद्यावर होती हे मी इथे नम्रपणे नमूद करते.

धूळ, ऊन आणि 'चर्रर्र'

वरोऱ्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माती बदलत जाते, बाबा आमट्यांच्या आनंदवनाची पाटी मागे जाते, कोळशाच्या खाणींचा मुलूख सुरू होतो. मोहर्लीला पोचेपर्यंत संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पहाटे गेटवर जिप्सीत बसलो तेव्हा कळलं की सॅकचा खरा शत्रू पाऊस नाही, धूळ आहे.

कोकणात भिजण्याची भीती, लेन्सवर बुरशी धरण्याची भीती. तिथे रेनकव्हर आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. उन्हाळ्यातल्या ताडोब्यात पुढच्या जिप्सीनं उडवलेली पिठासारखी बारीक धूळ दहा मिनिटांत सगळ्यावर बसते. तेव्हा मोकळ्या फडक्याची, नुसत्या झाकणाची बॅग नको. पूर्ण चेनची हवी आणि चेन ओढून बघा, कोपऱ्यावर अडकत असेल तर ती पहिल्याच धुळीत बसणार. रेनकव्हर उन्हाळ्यातही न्या, ते सॅकवर चढवलं की धूळ बाहेर राहते. आणि लेन्स गाडीत बदलूच नका.

दुसरी गंमत आवाजाची. वेल्क्रो! शहरात जो आवाज आपल्या कानावरही येत नाही, तो पहाटेच्या जंगलात फटाक्यासारखा वाजतो. आमच्या पुढच्या गाडीत एका साहेबांनी कप्पा उघडला, चर्रर्र... आणि पाणवठ्यावर मान खाली घातलेल्या चितळांच्या सगळ्या माना एकदम वर. गाइडनं कपाळावर हात मारला. म्हणून कप्पे चेनचे घ्या. आणि रंग मातकट. लाल-पिवळी सॅक विमानतळाच्या पट्ट्यावर लवकर सापडते, जंगलात ती फक्त प्राण्यांना सापडते.

वाघ दिसला का? पहिल्या सकाळी नाही. दुपारच्या सफारीत, शेवटच्या अर्ध्या तासात, एक वाघीण बांबूतून बाहेर आली, रस्ता ओलांडला आणि गेली. चाळीसेक सेकंद. मैत्रिणीची लेन्स आधीच तांदळाच्या थैलीवर टेकलेली होती (मोहर्लीचे तांदूळ, अर्थात!). तिला काही शोधावं लागलं नाही, काही बदलावं लागलं नाही, कारण बदलायला काही नव्हतंच. सहा फोटो. त्यातला एक आता तिच्या ऑफिसच्या डेस्कवर आहे.

पण त्याहून मोठी बातमी रात्री होती. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा ती प्रवासाच्या दुसऱ्या रात्री गरम पाण्याची पिशवी न घेता झोपली. तांदळाचं काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांच्याकडे राहिलो त्या काकूंना दिले. त्यांनी त्यातलेच मूठभर आमच्या खिचडीत घातले!

सॅक घ्यायला जाताय? हे वाचून जा

* आधी वजन करा, मग खरेदी. तुमचं रोजचं सामान काट्यावर ठेवा. आपल्याला झेपेल असा एक आकडा ठरवा आणि त्यातून सामान वजा करा. उरेल तेवढंच सॅकचं वजन. रिकामी सॅक दोन किलोंच्या वर असेल तर तेवढी लागणार आहे का ते विचारा.

* सॅक सामानापेक्षा एक नंबर मोठी घेऊ नका. 'पुढे लेन्स घेतली तर' म्हणून ठेवलेली जागा रिकामी राहत नाही, ती भरतेच.

* स्वतःचं सामान दुकानात घेऊन जा. रिकामी सॅक कुणाच्याही पाठीवर मस्तच बसते. सगळं भरून वीस मिनिटं अंगावर ठेवा, एक जिना चढून-उतरून या. दुकानदार वैतागला तर दुकान बदला!

* ऑनलाइन घेणार असाल तर आतली मापं वाचा आणि परत करायची मुदत बघा. त्या मुदतीत घरातल्या घरात भरून फिरा.

* किमती दोन-अडीच हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात. बजेट कमी असेल तर पैसे कमरेच्या पट्ट्यावर आणि चेनवर घाला, कप्प्यांवर नको. घरी चांगली ट्रेकिंगची सॅक असेल तर नुसता इन्सर्ट घ्या.

* विमानानं नागपूरला जात असाल तर देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला साधारण ७ किलोंची मर्यादा असते. कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायच्या नसतात, त्या जवळच ठेवा.

* ताडोबा मंगळवारी बंद असतं. कोअर भाग पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद. कोअरमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे, त्यामुळे 'कॅमेरा नाही तर फोनवर काढू' हा विचार सोडा.

* आणि नागपूरहून टॅक्सीनं जात असाल तरी जामला दहा मिनिटं थांबा. तर्री पोहे खा. डिकीतली सॅक काढा, पाठीवर घ्या आणि चौकाची एक फेरी मारून या. जे जड वाटेल ते परतीपर्यंत गाडीतच राहू द्या.